बँकेचा एसएमएस येतो कसा, आणि आला नाही तर?

एटीएममधून पैसे काढले की थोड्याच वेळात फोन वाजतो. अमुक रक्कम खात्यातून वजा झाली, एवढाच मजकूर असतो. हा एसएमएस बँकेतला कोणी कर्मचारी लिहीत नाही, संगणकावरचा प्रोग्राम पाठवतो. जगातला पहिला एसएमएसदेखील 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये संगणकावरूनच मोबाइलवर गेला होता. तुमच्या बचतीचा हा पहारेकरी काम कसे करतो, हे माहीत असले तर तो कधी गप्प बसला हेही तुमच्या लक्षात येईल.

खात्यातून फोनपर्यंत

बँकेकडे संदेशाचा मसुदा आधीच तयार असतो. त्यात खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, रक्कम आणि तारीख यांच्या जागा रिकाम्या असतात. खात्यात नोंद होताच प्रोग्राम त्या जागा भरतो आणि तुमच्या मोबाइल क्रमांकासह संदेश इंटरनेटवरून 'गेटवे'कडे देतो. गेटवे म्हणजे संदेश स्वीकारून मोबाइल कंपनीकडे सोपवणारी सेवा. तेथून तो तुमच्या फोनवर येतो.

एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरे मावतात; देवनागरी किंवा तमिळ लिपीत मात्र 70 चिन्हेच. बँकांचे संदेश इतके त्रोटक असण्याचे हे एक कारण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गेटवेने संदेश स्वीकारला म्हणजे तो तुम्हाला मिळाला असे नाही. फोन बंद असेल तर मोबाइल कंपनी तो काही काळ राखून ठेवते आणि मुदत संपली की सोडून देते. बँकेकडे नोंदवलेला क्रमांक जुना असेल तर तुमच्या खात्याची खबर भलत्याच माणसाकडे जाते.

पाठवणारा कोण, ते पाहा

प्रोग्राम कोणालाही लिहिता येतो, ठगालाही. म्हणून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) 2018 मध्ये नियम केले. त्यानुसार संस्थेला आपले प्रेषक-नाव आणि संदेशांचे मसुदे मोबाइल कंपन्यांकडे नोंदवावे लागतात. 2025 पासून प्रेषक-नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षरही येते: 'टी' म्हणजे ओटीपीसारखा व्यवहाराचा संदेश, 'एस' म्हणजे सेवेचा, 'पी' म्हणजे जाहिरातीचा आणि 'जी' म्हणजे सरकारी. "केवायसी करा, नाहीतर खाते बंद" असा संदेश साध्या दहा आकडी क्रमांकावरून आला, तर तो बँकेचा समजू नका. नाव बरोबर दिसले तरी संदेशातील लिंक उघडून पिन किंवा ओटीपी भरू नका.

"पैसे जमा झाले" असा एसएमएस दाखवून कोणी माल नेऊ पाहील, किंवा "चुकून जास्त पाठवले, परत करा" असे म्हणेल. एसएमएस ही वर्दी आहे, पावती नव्हे. आधी खात्यातली शिल्लक पाहा, मगच पुढचे बोला.

कुंभकोणमचा धडा

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे सिटी युनियन बँकेचे मुख्यालय आहे. ही बँक 1904 मध्ये कुंभकोणम बँक या नावाने स्थापन झाली. देशोदेशींच्या बँका एकमेकींना पैसे देण्याच्या सूचना 'स्विफ्ट' या जाळ्यावरून पाठवतात. फेब्रुवारी 2018 मध्ये हल्लेखोरांनी या बँकेच्या यंत्रणेत शिरून तीन खोट्या सूचना परदेशी पाठवल्या. एकूण रक्कम होती सुमारे 20 लाख डॉलर. शिवाय सूचनांची पोच छापणारा प्रिंटर त्यांनी बंद पाडला. त्यामुळे पोच हाती आलीच नाही.

7 फेब्रुवारीला सकाळी हिशेब जुळवताना प्रकार उघड झाला. बँकेने लगेच हालचाल केली आणि 5 लाख डॉलरची एक रक्कम वाटेतच अडवली जाऊन परत मिळाली. पोच थांबली तेव्हा चोरी झाकली गेली. हिशेब जुळवला तेव्हा ती दिसली. तुमच्या बचत खात्यालाही हेच लागू आहे. एसएमएस आला नाही, म्हणजे पैसे गेले नाहीत असे धरून चालू नका.

दिवस मोजा

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात बँकांना सांगितले की ग्राहकांना एसएमएस सूचनेसाठी नोंदणी करायला लावावी. तुमच्या संमतीवाचून पैसे गेले आणि त्यात बँकेचाही दोष नसेल, तर नुकसान कोणी सोसायचे हे तुम्ही किती लवकर कळवता यावर ठरते. सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीच भार नाही. 4 ते 7 दिवसांत कळवल्यास मूलभूत बचत खात्यासाठी जास्तीत जास्त 5,000 रुपये, इतर बचत खात्यांसाठी 10,000 रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. सूचना मिळाली तो दिवस यात धरत नाहीत. दोष बँकेचाच असेल, तर भार तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

लक्षात ठेवा

- मोबाइल क्रमांक बदलला की त्याच आठवड्यात शाखेत जाऊन बदलून घ्या.
- व्यवहार करूनही एसएमएस आला नाही, तर शाखेत चौकशी करा.
- फोनचे नेटवर्क अचानक जाऊन बराच वेळ आले नाही, तर मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा. तुमच्या नावे दुसऱ्याने सिम काढलेले असू शकते.
- महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या आणि प्रत्येक नोंद वाचा.
- अनोळखी व्यवहार दिसताच आधी बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या, मग 1930 वर फोन करा.