४५५९३ कोल्हापूर

इंग्लंडमध्ये कोल्हापूर नावाचं एक वाफेचं इंजीन आहे आणि ते कोल्हापूरला कधीच गेलेलं नाही. नेलं असतं तरी रुळांवर बसलं नसतं. ते १९३४ साली ग्लासगोत बांधलं, तेव्हा मिरजेहून कोल्हापूरला मीटरगेज होतं. याची चाकं मात्र चार फूट साडेआठ इंचांच्या ब्रिटिश रुळांची. विल्यम स्टॅनियर यांनी लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी केलेल्या ‘ज्युबिली’ वर्गातल्या १९१ इंजिनांपैकी हे एक. बारशाच्या वेळी साहेबांनी साम्राज्याचा नकाशाच पुढ्यात घेतला असणार. मुंबई, मद्रास, पंजाब झाले, मग संस्थानांवर आले: बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर. गायकवाड, शिंदे, होळकर आणि आमचे छत्रपती, सगळे स्टॅनियरसाहेबांच्या पदरी!

मी कोल्हापूरची, व्यवसायानं दातांची डॉक्टर, आणि राहते लीड्समध्ये. हे इंजीन १९६७ साली सेवेतून निघालं तेव्हा लीड्सच्याच होलबेक शेडला होतं. त्या शेवटच्या उन्हाळ्यात शनिवारच्या गाड्या घेऊन ते सेटलच्या डोंगरातून कार्लाइलला जायचं. एवढं कळल्यावर त्याचं मॉडेल माझ्या घरी नसणं शक्यच नव्हतं. आमच्या घरी याला ‘तुझं खेळणं’ म्हणतात. मी ऐकून घेते आणि भिंग डोळ्यांवर ओढते.

ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त चालणारं मॉडेलचं माप म्हणजे डबल ओ. खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला मॉडेलचे चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे शहात्तरावा हिस्सा. ज्युबिलीचं मोठं चाक सहा फूट नऊ इंचांचं, ते इथे २७ मिलिमीटर भरतं. गंमत रुळांची आहे. युरोपातलं एचओ हे माप सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं, त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. ब्रिटिश गाड्या मुळात अंगानं बारीक, कारण इथले बोगदे आणि पूल चिंचोळे. त्या काळातली मोटर एचओच्या मापाच्या ब्रिटिश इंजिनात मावेना, म्हणून इंजीन फुगवलं आणि रूळ तेच ठेवले. त्यामुळे डबल ओचं इंजीन समोरून पाहिलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. हे ज्यांना सोसवत नाही ते १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात आणि प्रत्येक इंजिनाची चाकं बदलतात. त्यांना माझा दंडवत. मी त्या वाटेला जात नाही.

आता खरेदी. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यानं १९२० मध्ये खेळण्यातल्या गाड्या काढल्या आणि १९३८ मध्ये डबल ओ. आज हॉर्नबीबरोबर बाकमन, डॅपोल, ॲक्युरास्केल अशी बरीच नावं आहेत आणि बहुतेक माल चीनमध्ये तयार होतो. मोठं वाफेचं इंजीन नवं घ्यायचं तर दोनशे पौंडांच्या पुढेच. त्यात खोच अशी की माल तुकडीतुकडीनं येतो. एका वर्गातली दोनतीन नावं निघतात, संपतात, आणि पुढची तुकडी कधी येईल याचा नेम नाही. आपल्याला हवं ते नाव, हव्या त्या काळाच्या रंगात, हव्या त्या वेळी मिळणं हा लॉटरीचा प्रकार. म्हणून जाणती मंडळी जुन्या बाजारात त्याच वर्गातलं दुसरं इंजीन गाठतात आणि त्याचं नाव बदलतात.

जुनं घेताना नावाकडे बघूच नये. नाव आणि नंबर काही पौंडांत बदलतात, धड बदलत नाही. आधी टेंडर पाहावं, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा. ज्युबिलीमागे ३,५०० गॅलनचे अरुंद टेंडरही लागत आणि ४,००० गॅलनचे रुंदही. आपल्या इंजिनामागे आपल्या काळात कोणतं होतं ते फोटोत बघून ठेवायचं. मग डोम, म्हणजे बॉयलरवरचा घुमट. या वर्गाची सुरुवातीची इंजिनं बिनडोमाची होती, पुढे बॉयलर बदलले तसे डोम आले. नंतर रंग. मला १९६७ हवं होतं, म्हणजे ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा आणि टेंडरवर १९५६ नंतरचं बोधचिन्ह. या तीन गोष्टी जुळल्या की नाव कुणाचंही असो.

मग ते उताणं करायचं. जुन्या पिढीतल्या बऱ्याच मॉडेलांची चॅसी डावी-उजवी अशी दोन धातूच्या फाळ्यांत असते. दोन्ही फाळ्यांतून वीज मोटरपर्यंत जाते. त्यामुळे आसही मधोमध तोडून प्लास्टिकच्या नळीनं जोडलेला. वयोमानानं ही नळी तडकते, डाव्या-उजव्या चाकांमधला काटकोन ढळतो, दांडे अडकतात आणि इंजीन लंगडतं. शिवाय काही जस्ताच्या ओतीव भागांना आतून कीड लागते. धातू फुगतो, चिरतो, शेवटी भुगा होतो. त्याला माझ्या हातात इलाज नाही. म्हणून विकणाऱ्याला सांगून रुळांवर पुढे-मागे हळू चालवून बघावं. वेगात सगळीच बरी चालतात, खोड हळू चालवताना कळते.

मी घेतलेल्या इंजिनावर एका नौसेनापतीचं नाव होतं. त्यांना निरोप दिला तो कापसाच्या काडीनं. एनॅमल रंगाचं थिनर जरासं लावायचं, अंक मऊ झाले की लाकडी दातकोरणीनं खरवडायचे. धातूचं हत्यार नको, खालचा हिरवा रंग जातो. मग त्या जागी चकचकीत वॉर्निश. नवे अंक पाण्यात भिजवून सरकवायचे असतात. खाली पृष्ठभाग खरबरीत राहिला तर फिल्मखाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी झाक मारते. पाचही अंक एका रेषेत बसले की वरून मंद वॉर्निश, म्हणजे जोड दिसत नाही. नंबर तीन ठिकाणी: केबिनच्या दोन्ही बाजूंना आणि समोर धुरपेटीच्या दारावर. त्याखाली शेडची इवलीशी पाटी, ५५ए, म्हणजे होलबेक.

नावाची पितळी पाटी मात्र बाजारातून येते, पत्र्याला चिकटलेली. ती कापायची, कडा घासायच्या आणि मधल्या चाकावरच्या कमानीइतकी वाकवायची. कोल्हापूर ही आठ इंग्रजी अक्षरं तांबूस जमिनीवर उठून दिसतात. इथे झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. त्याची वाफ रंगावर पांढरी बुरशी धरते आणि पाटी सरळ करायला सवडही देत नाही. वॉर्निशचा थेंब पुरे. रूट कॅनलला वापरते तेच भिंग मी इथे वापरते.

मग मळवणं. वरून काजळी, खाली ब्रेकचा तपकिरी धुरळा, बॉयलरवर पाण्याच्या क्षारांचे पांढरे ओघळ. १९६७ मध्ये वाफेची इंजिनं पुसायला माणसं उरली नव्हती, तेव्हा चकचकीत ‘कोल्हापूर’ म्हणजे थाप. केबिनवर तिरपा पिवळा पट्टाही हवा: क्रूच्या दक्षिणेला विजेच्या तारांखाली जायला १९६४ पासून या वर्गाला बंदी होती, ती त्या पट्ट्यानं दाखवत. टेंडरमध्ये खरा कोळसा फोडून टाकला. पुढे दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा, म्हणजे एक्स्प्रेस.

आवाजाची चिप बसवायची तर एक पाहा. ज्युबिलीला तीन सिलिंडर, चाकाच्या एका फेऱ्यात सहा फुसकारे. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चारच. चार फुसकाऱ्यांची ज्युबिली मला ऐकवत नाही.

१९१ पैकी चार ज्युबिली वाचल्या: कोल्हापूर, बहामाज, लिअँडर आणि गॅलेटिया. खरं कोल्हापूर बर्मिंगहॅमजवळ टाइझलीला आहे. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर भंगारात गेली. तेव्हा तिथल्या मंडळींनो, तुमचं इंजीन हवं असेल तर ते मॉडेलमध्येच मिळेल आणि बहुधा तुम्हालाच करावं लागेल. आधी वर्ष ठरवा, त्या वर्षाचा फोटो शोधा, आणि मगच पाकिटात हात घाला.