दहा-बारा वर्षांची मुले आणि घरचा सिनेमा

शाळेला सुट्या लागल्या की पालक हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरांना कोणता सिनेमा दाखवावा?" प्रश्न साधा वाटतो. पण रात्री दचकून उठणाऱ्या किंवा एकाएकी अबोल झालेल्या मुलाची चौकशी करताना धागा कधी कधी नुकत्याच पाहिलेल्या सिनेमापर्यंत जातो.

पाच वर्षांचे मूल भेसूर चेहरा पाहून रडते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो चेहरा खोटा आहे हे कळते. त्याला भीती वाटते ती खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींची: आईवडिलांचा मृत्यू, अपघात, मुले पळवणे, घरातली मारहाण. मोठे झाल्याच्या भावनेने ते ही भीती बोलून दाखवत नाही. मग पोट दुखते, झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष राहत नाही.

म्हणून आधी प्रमाणपत्र वाचावे. 'यू' म्हणजे सर्वांसाठी, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधल्या 'यूए' गटाचे २०२३ च्या कायदादुरुस्तीने ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले. 'यूए १३+' असेल आणि मूल अकरा वर्षांचे असेल, तर आधी आपण पाहावा. मोबाइल किंवा टीव्हीवरच्या ओटीटीलाही २०२१ च्या नियमांनुसार असेच गट आहेत व १३+ पासून पुढे कुलूप लावण्याची सोय आहे. ती वापरावी. घरात धाकटे भावंड असेल तर निवड त्याच्या वयाने करावी.

पण प्रमाणपत्राला तुमचे घर माहीत नसते. 'किल्ला' (२०१५) या चित्रपटात वडील वारलेल्या मुलाची गोष्ट आहे. ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे, तिथे तो काही दिवस थांबू द्यावा. 'टिंग्या' (२००८) मध्ये जायबंदी बैल विकण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. आपल्याकडे सोयाबीन-हळदीच्या घरात कर्जाचे बोलणे मुलांच्या कानावर पडतेच. ती पडद्यावर आपलेच घर पाहतात.

मग दुःखाचे सिनेमे दाखवूच नयेत का? तसे नाही. 'श्वास' (२००४) मध्ये डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार असते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला खरे सांगितलेच पाहिजे असे डॉक्टर आजोबांना बजावतात. ही शिकवण घरातही उपयोगी आहे. सिनेमा संपल्यावर मूल विचारील, "माझेही डोळे जातील का?" तेव्हा "गप्प बस, काहीतरी बोलू नको" म्हणू नये. हा आजार विरळा आहे, बहुधा पाच वर्षांच्या आत होतो आणि लवकर कळला तर उपचार होतात, हे सांगावे. जाता जाता पालकांसाठी: लहान बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसली, तर थांबू नये, त्वरित डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, म्हणून रात्री उशिराचा सिनेमा नको. मूल मध्येच उठून जाऊ लागले तर "एवढा घोडा झालास अन् घाबरतोस?" असे हिणवू नये. नायक सिगारेट ओढत असेल तर खालची सूचना वाचायला लावून त्यावर बोलावे. शेवटी एकच प्रश्न विचारावा, "तुला कोणाचे वाईट वाटले?" त्याच्या उत्तरातून मनातले बरेच कळते.

भीती दोन-तीन आठवडे टिकली किंवा मूल शाळेला जायचे टाळू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. "मला जगायचे नाही" असे मूल बोलले तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्याला एकटे न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतून बोलता येते.

चांगला सिनेमा निवडणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे मुलाशेजारी बसून तो पाहणे.