चाकाच्या खुर्चीलाही स्प्रिंग हवी, पण कोणती?

दवाखान्याच्या फरशीवर सुरळीत चालणारी चाकाची खुर्ची आपल्या वस्तीतल्या खडीच्या वाटेवर आली की बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. मणक्याला मार लागून कमरेखालची जाणीव गेलेल्या माणसाला दाब, घासणे कळतच नाही. जखम होते, आणि ती चिघळली तर जिवावर बेतते.

स्प्रिंग बसवा, असे कोणीही सांगेल. पण एकटी स्प्रिंग झोके देत राहते. ते थांबवायला तेलाचा शॉकॲब्सॉर्बर लागतो. शिवाय ४० किलोच्या मुलीला आणि ८० किलोच्या गृहस्थाला एकच स्प्रिंग कशी चालेल? खुर्चीबद्दल कोणी विचारायला आले की आम्ही आधी वजन विचारतो, ते यासाठीच. फार मऊ स्प्रिंग असली तर वळणावर कलंडण्याची भीती असते.

अमेरिकेतील एमआयटीचे अमोस विंटर यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या खुर्चीला चाके तीनच, त्यामुळे उंचसखल जमिनीवरही तिन्ही टेकलेली राहतात. चारांपैकी एक अधांतरी लटकते तसे होत नाही. दोन्ही हातांनी दांडे ढकलायचे. चढाला दांडा वर धरला की जोर मिळतो, सपाटीला खाली धरला की वेग. जयपूर फूटवाल्या संस्थेच्या सहकार्याने भारतातही तिची चाचणी झाली. तिच्यात सायकलचे सुटे भाग वापरले आहेत, हे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. शॉकॲब्सॉर्बरचे तेल गळले तर खेड्यात कोण दुरुस्त करणार? पंक्चर मात्र नाक्यावरचा सायकलवालाही काढतो.