विश्लेषण : यादीतून नकोशी मूल्ये काढताना एखादे का सुटते?

गुणांची एक यादी घ्या : ४०, उणे १, उणे १, ५५, उणे १, ६२. उणे १ म्हणजे गैरहजर. सरासरी काढण्यापूर्वी ते हटवायलाच हवेत.

चूक कुठे होते?

क्रमाने पुढे जात दिसेल तो उणे १ पुसला, की त्यानंतरची मूल्ये एक घर अलीकडे सरकतात. प्रोग्राम मात्र पुढच्या घराकडे निघालेला असतो. त्यामुळे लागून आलेला दुसरा उणे १ तपासलाच जात नाही. पायथॉनमध्ये याबद्दल इशाराही मिळत नाही. यादीत एक उणे १ उरतो आणि सरासरी ५२.३३ ऐवजी ३९ येते.

उपाय काय?

दोन खुणा ठेवायच्या : एक वाचणारी, दुसरी लिहिणारी. वाचणारी प्रत्येक घर पाहते. हवे ते मूल्य दिसले की ते लिहिणारीच्या घरात ठेवायचे आणि तिला एक घर पुढे न्यायचे. शेवटी लिहिणारी जिथे थांबली, तिथपासूनचा भाग कापायचा. हे विसरल्यास ४०, ५५, ६२ यांच्यामागे ५५, उणे १, ६२ हा जुना गाळ राहतो.

फायदा किती?

एक लाख नोंदींत एकाआड एक नकोशी असेल, तर एकेक पुसताना मूल्ये सुमारे २५० कोटी वेळा सरकवावी लागतात. दोन खुणांना एकच फेरी पुरते, तीही दुसरी यादी न बनवता.