कवचाआडचे फूल

दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९६१ साली जे रक्तवर्ण पुष्प राज्यचिन्ह म्हणून दप्तरी दाखल केले, आणि सरकारी जमिनीवरून जे परवान्याविना खुडण्यास तेथे मनाई आहे, ते वाटाण्याच्या कुळातील ‘स्टर्ट्स डेझर्ट पी’ चांगला पाऊस होताच वैराण माळ झाकून टाकते; परंतु हेच फूल बागेत आणावयाचे ठरले, म्हणजे भल्याभल्या माळ्यांची धांदल उडते.

ॲडिलेडमधील एका रोपवाटिकेत हे काम मी जवळून पाहिले. मुगाहून लहान, वृक्काकार बी चिमट्यात धरून वृद्ध माळी त्याच्या नाभीच्या विरुद्ध बाजूस पात्याने असा हलका छेद देई, की आतील फिकट दल टाचणीच्या टोकाइतके दिसावे आणि हात तेथेच थांबावा. कारण नाभीपाशी अंकुराचे मूळ दडलेले असते, आणि तेथे पाते लागले की बी फुकट गेलेच म्हणून समजावे. मग ते रात्रभर कोमट पाण्यात पडे. सकाळी फुगलेली बिया कुंडीत जात, आणि जशीच्या तशी राहिलेली पुन्हा पात्याखाली येत. पाणी शिरू न देणारे हे कवच माळ्याला अडचणीचे वाटले, तरी सारे बियाणे एकाच सरीच्या भरवशावर उधळून न टाकण्याचा वाळवंटातला तो मोठा शहाणा कारभार आहे.

पुढचे संकट मुळांचे. सोटमूळ झपाट्याने खोल जाते, स्थलांतर त्याला मुळीच मानवत नाही, आणि पाणी साचले की ते कुजते. म्हणून कुंडी उंच, माती वाळूची. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय माळ्यांनी यावर तोड काढली ती अशी, की त्याच कुळातील, पण थंडी-ओल सोसणाऱ्या ‘कोल्युटिया’च्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून, दलांमधील चिरेत या फुलाचे नुकते उगवलेले, पाचरीसारखे तासलेले रोप बसवावयाचे. कोकणातील कोय कलम ज्यांनी बांधले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र येथे खुंट आणि कलम दोन्ही दोऱ्याइतकी बारीक, तेव्हा हात कापून कसे चालेल?

आमच्या माळ्याला हा खटाटोप नामंजूर होता. परक्या मुळांवर उभे केलेले फूल त्याला या मातीचे वाटतच नसे. मला मात्र त्या जुन्या कलमकारांचा हेवा वाटतो.