बोलण्याची इंग्रजी, पुस्तकाची इंग्रजी

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी नाशिकहून कॅलिफोर्नियाला गेली. नातू तेव्हा सात वर्षांचा. शाळेत नाव घालताना फॉर्मवर विचारलं होतं : मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं? घरी कोणती बोलतं? जावयांचा हात थबकला. 'मराठी' लिहिलं तर पोराला 'कच्चा' ठरवतील, ही धास्ती. ती अगदीच वेडगळ नव्हती. त्याच राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीतून मोजून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं जाई. 1970 सालच्या 'डायना' खटल्यानंतर मातृभाषेतूनही चाचणी घ्यायचं ठरलं.

मुलीनं 'मराठी'च लिहिलं. तसं लिहिलं की 30 दिवसांत मुलाची 'एल्पॅक' ही चाचणी होते. तीत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, सगळं तपासतात. ती बुद्धीची नव्हे, इंग्रजीची चाचणी. भाषा कमी पडली तर जादा मदत, आणि दर वर्षी पुन्हा चाचणी.

यंदा मी तिकडे गेले, तर पठ्ठ्या शेजारच्या पोरांशी फाडफाड बोलत होता. मला वाटलं, जिंकलं! निकाल मात्र वेगळाच : तोंडी भाषेत चांगला, लेखी भाषेत बराच मागे. जावई चिडले. "एवढं बोलतो, आणखी काय हवं?" त्याच आठवड्यात गृहपाठात आलं, 'टेबल पाहून उत्तर द्या.' पोरानं जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं! मी पानावरचं कोष्टक दाखवून मराठीत समजावलं. गणित लगेच सुटलं.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 साली नेमका हाच भेद मांडला. खेळताना समोरच्याचा चेहरा, हातवारे मदतीला असतात. धड्यात नुसते शब्द. टोरांटोतल्या मुलांच्या आकडेवारीवरून त्यांना दिसलं, की बोलण्याची भाषा साधारण 2 वर्षांत येते. शाळेच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला मात्र 5 ते 7 वर्षं लागतात. स्थलांतरित मुलांचे 400हून अधिक मानसशास्त्रीय अहवालही त्यांनी तपासले. मूल छान बोलतं, म्हणजे त्याला इंग्रजी आलं, असं गृहीत धरलेलं. मग गुण कमी पडले की खापर त्याच्या डोक्यावर.

म्हणून, तुमचं कुणी तिकडे असेल तर सांगा, एकूण श्रेणी बघून थांबू नका. तोंडी आणि लेखी गुण वेगवेगळे बघा. आणि फॉर्मवर खरं लिहा. नाही तर मिळायची मदतही हुकते.

मी परत आले. आता नातू फोनवर मला धडा आधी मराठीत सांगतो, मग इंग्रजीत लिहायला बसतो. पुढची चाचणी वसंतात आहे.