कार्ड सुरगाण्याचं, धान्य दिंडोरीत!

दिवाळी आटोपली की दिंडोरी तालुक्यातल्या शिवारात बागांच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची पालं उभी राहतात. तीन दगडांची चूल, दोन-चार हंडे, दोरीवर वाळणारे कपडे. कॉलेजला जाताना एसटीच्या खिडकीतून तुम्हीही हे बघितलं असेल.

ही माणसं सुरगाणा, पेठकडून येतात. तिकडे भात, नागली सगळं पावसाच्या भरवशावर. भात निघालं की हाताला काम नाही. इकडे मात्र द्राक्षाची विरळणी, डिपिंग आणि पुढे एप्रिलपर्यंत काढणी. गावी त्यांचं घर असतं. पण हंगामाचे चार-पाच महिने डोक्यावर छप्पर म्हणजे तो कागद.

बेघर म्हटलं की आपल्याला मुंबईचा फुटपाथ आठवतो. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 10 हजार लोक उघड्यावर राहणारे निघाले. हंगामापुरता निवारा हरवलेली माणसं मात्र आपल्या शेजारच्या बागेतही असतात. अवकाळी झाली की बागायतदाराच्या नुकसानीची बातमी येते, आणि यायलाच हवी. पण त्या दिवशी काम बंद, म्हणजे पालातली मजुरीही बंद. मग किराणा उधारीवर, नाहीतर चूल थंड.

अशा वेळी आपण काय करतो? ग्रुपवर वर्गणी काढतो, बिस्किटांचे पुडे वाटतो, फोटो टाकतो. वाईट काहीच नाही त्यात. पण पुडा संध्याकाळपर्यंत संपतो. त्याच माणसाच्या नावावर सरकारी धान्य असतं आणि ते त्याला दिंडोरीतही मिळू शकतं, हे त्याला कुणी सांगतं का?

हक्काचं धान्य

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे ते कुठल्याही रेशन दुकानातून घेता येतं. कार्ड आधारला जोडलेलं हवं, ई-केवायसी झालेलं हवं आणि मशीनवर अंगठा जुळला पाहिजे. आणखी एक सोय म्हणजे थोडं धान्य इथे घेतलं, तर उरलेलं गावी राहिलेले म्हातारे आईवडील तिथल्या दुकानातून उचलू शकतात.

इथे तुमची गरज आहे. तुमच्या हातात फोन आहे. ‘मेरा राशन’ अ‍ॅपवर कार्डाची माहिती आणि जवळचं दुकान बघता येतं. पहिल्यांदा जाताना सोबत जा. दुकानदार ‘तुमचं नाव इथे नाही’ म्हणाला, तर भांडू नका. योजनेचं नाव सांगा, नाहीच ऐकलं तर 1967 या हेल्पलाइनला फोन करा किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. पालात सहा वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा बाळंतीण बाई असेल, तर जवळच्या अंगणवाडीत नाव नोंदवायला मदत करा. पोषण आहारावर त्यांचा हक्क आहे.

पाच किलोत भागतं का?

हिशोब करून बघा. 5 किलो भागिले 30 दिवस, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. दिवसभर बागेत राबणाऱ्या माणसाचं त्यात भागत नाही. डाळ, तेल, मीठ-मिरची तर वेगळीच. तेव्हा वर्गणी काढणारच असाल, तर तूरडाळ आणि तेल घ्या. पण आधी पालावर जाऊन विचारा, ‘मावशी, काय कमी पडतंय?’ आणि फोटो नको. मदत घेताना स्टेटसवर झळकायला कुणाला आवडेल?

ज्याच्याकडे चूलच नाही, त्याची गोष्ट वेगळी. एसटी स्टँडवर किंवा देवळाच्या ओट्यावर झोपणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याला पाच किलो गहू देऊन तो काय करणार? त्याला शिजवलेलं जेवण लागतं, आणि रोज लागतं. 26 जानेवारी 2020 ला राज्यात 10 रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, ती अशांसाठीच. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जवळचं केंद्र चालू आहे का, किती वाजेपर्यंत जेवण मिळतं, हे बघून ठेवा. नसेल तर पाच मित्रांनी वार वाटून घ्या, घरून एकेक डबा जास्तीचा आणा. एका दिवसाच्या मोठ्या पंगतीपेक्षा रोजचा एक डबा त्याला जास्त उपयोगी पडेल.

द्राक्षं पुढे परदेशात जातात, त्यांच्या पेटीवर आपल्या तालुक्याची मेहनत असते. ती मेहनत करणारा रात्री अर्धपोटी झोपत असेल, तर निदान त्याच्या हक्काच्या दुकानाचा रस्ता तरी आपण त्याला दाखवू शकतो. येत्या रविवारी दोघं-तिघं मिळून एका पालावर जा. सोबत चार्ज केलेला फोन आणि वही-पेन तेवढं घ्या.